गच्चीवरच्या हिरवळीला पाणी वाढवलं तर खालची खोली जास्त गार राहते का?

हिरवी_गच्ची: स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, ड्रेनेज शीट, वर १० सेंमी हलकी माती आणि त्यात सेडम (जाड, रसरशीत पानांची बुटकी झाडं) असं केलंय. सेडमला पाणी कमी लागतं म्हणून आठवड्यातून एकदाच देतो, झाडं जगतायत पण भर उन्हाळ्यात माती हात लावू देत नाही इतकी तापते. पाणी वाढवून फरक पडेल का नुसतंच वाया जाईल? आणि द्यायचं कधी?

मातीमित्र: चांगलाच पडेल. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते आणि ती माती-पानांतूनच खेचली जाते, म्हणजे चौरस मीटरमागे दिवसाला ३ लिटर उडालं तर २ युनिट उष्णता वरच्यावर गेली. माती कोरडी ठणठणीत असेल तर सावली आणि थोडंफार इन्सुलेशन एवढंच उरतं. पण गारवा उडालेल्या पाण्याचा असतो, पाइपातून वाहून गेलेल्याचा नाही, त्यामुळे एकदम भरपूर ओतू नका, थोडं थोडं पण नियमित द्या. पहाटे दिलेलं बरं, ऊन चढेपर्यंत मातीत मुरतं.

पानफुटी: यात सेडमचा स्वभावही बघा. पाण्याचा ताण पडला की ते दिवसा पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं, ज्यांतून पाणी उडतं) मिटून घेतं आणि रात्री उघडतं, म्हणजे ऐन दुपारी पानांतून गारवा जवळपास शून्य. गवत किंवा रुंद पानांची झाडं पाणी जास्त उडवतात म्हणून गारही जास्त करतात, पण पाणी तुटलं की तीच आधी जळतात. सेडमच ठेवणार असाल तर माती कायम ओलीचिंब नको, मुळं कुजतात. आणि माती वाढवायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला विचारा प्लीज, १० सेंमी मातीने ३० टक्के पाणी धरलं तरी चौरस मीटरला ३० किलो नुसतं पाण्याचंच वजन होतं.

स्लॅबखाली: स्लॅबला आधीच जाड इन्सुलेशन असेल तर खोलीत फरक फारसा कळणार नाही, गच्चीवरची हवा तेवढी गार होईल. दमट हवेत पाणी उडतंच कमी, तेव्हा जास्त देऊन उपयोग नाही.

हिरवी_गच्ची: इन्सुलेशन नाहीये, नुसता स्लॅब.

मातीमित्र: मग खोलीला फायदा तुमच्याकडेच जास्त. अर्ध्या भागाला ड्रिप लावा, अर्धा आहे तसा ठेवा आणि दोन्हीखाली छताला थर्मामीटर चिकटवून दुपार-संध्याकाळचे आकडे इथे टाका.