मदत हवी आहे: भुईमुगाला रायझोबियम लावल्यावर नत्र किती तोडता येईल?

नमस्कार मंडळी,

कराड तालुक्यात आमचं मध्यम काळं, निचऱ्याचं रान आहे. जानेवारीअखेर उन्हाळी भुईमूग टोकायचाय आणि यंदा रायझोबियमच्या, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) रोपाला देणाऱ्या जिवाणूंच्या संवर्धकाच्या भरवशावर रासायनिक खत खरोखर कमी करायचंय.

शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फरस). म्हणजे एकरी १० आणि २०. डीएपीच्या एका पोत्यात ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद असतं, तेवढ्यात भागायला हवं. पण आमच्या भागात वर युरियाही फेकतात. वेल हिरवेगार दिसतात, पण आयतं नत्र मिळालं की मुळं गाठी धरत नाहीत. गेल्या हंगामात फुलोऱ्यात झाडं मातीसकट उपटून धुऊन पाहिली. युरिया पडलेल्या सरीत गाठी तुरळक आणि फोडल्यावर आतून पांढऱ्या. खत न पोचलेल्या बांधाकडच्या झाडांना मात्र भरपूर, आतून लालसर गुलाबी. काम करणारी गाठ ती हीच.

म्हणून डीएपीऐवजी एकरी अडीच पोती सिंगल सुपर फॉस्फेट द्यायचा विचार आहे. स्फुरद २० किलो मिळतं, शिवाय गंधक आणि कॅल्शियम. आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम देणारच, त्यात काटकसर नको. शेंग पोसायला लागणारं कॅल्शियम काही रायझोबियम देत नाही.

आता मुख्य प्रश्न. पेरणीचं १० किलो नत्रही पूर्ण बंद करावं, की गाठी कामाला लागेपर्यंत रोपाला आधार म्हणून निम्मं द्यावं?

दुसरी अडचण बीजप्रक्रियेची. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम आणि तेवढंच स्फुरद विरघळवणारं संवर्धक, गुळाच्या पाण्यात कालवून लावायचं, सावलीत सुकवून लगेच टोकायचं, हे माहीत आहे. पण दाण्याची साल इतकी पातळ की ओलं बी जरा चोळलं तरी सुटते. द्रवरूप संवर्धकाने हा त्रास कमी होतो का? आमच्याकडे खोडकुज येते, त्यामुळे थायरम हे बुरशीनाशक टाळवत नाही. ते आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला तरी जिवाणू तगतात का? की नुसत्या ट्रायकोडर्मावर, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या मित्रबुरशीवर भागेल?

आणखी एक. जवळच्या दुकानात सोयाबीनचंच पाकीट "सगळ्या शेंगवर्गीय पिकांना चालतं" म्हणून देतात. भुईमुगाला चवळी गटाचं लागतं, त्यामुळे ते घेणार नाही. खात्रीचं, ताज्या तारखेचं कुठे मिळेल?

ज्यांनी संवर्धक लावलेल्या आणि न लावलेल्या सऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या असतील, त्यांनी नत्र किती तोडलं आणि शेंग कशी भरली ते जरूर लिहा.