उत्तर: एलएफएचा काटा

'टोयोटाच्या लेक्सस ब्रँडच्या एलएफए या एवढ्या महागड्या गाडीला इंजिनाचा वेग दाखवणारा खरा काटा न देता डिजिटल पडदा बसवला, ही काटकसर' हे वर कुणीतरी म्हटलंय ते पटलं नाही. तिचं 4.8 लिटरचं व्ही-10 इंजिन 0.6 सेकंदात 9000 आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठतं. त्या वेगाला खरा काटा पुरत नव्हता, म्हणून पडदा आला. आवाजावर तर यामाहाची मेहनत आहे, पियानो बनवणारी तीच!

पण मला खरी भुरळ पडली ती सांगाड्याची. आधी ॲल्युमिनियमचा ठरलेला सांगाडा मध्येच कार्बन फायबरचा केला आणि काचेलगतचे खांब चक्क गोल मागावर विणले. टोयोटाचं मूळही विणायचे माग बनवणाऱ्या कंपनीतच आहे, ती 1926 ची. गाड्या मात्र 500च काढल्या.