पेत्राचा विस्तव

दादा, दारू सुटून चार वर्षं झाली तरी चर्चमध्ये मंडळीसमोर बायबलचं वचन वाचायला उभं राहायची लाज वाटते, असं वर लिहिलंत. वाचून गलबलून आलं. मीही धंद्यात लोकांचे पैसे बुडवून पाच वर्षं मागच्या बाकावर बसून काढलीत. संडे स्कूलला शिकवायची ओढ होती, पण मुलांचे आईवडील सगळे ओळखीचे!

येशूचा शिष्य पेत्र याने ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून प्रभूला नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाशी शेकताना (योहानाचं शुभवर्तमान, अध्याय १८). पुढे २१व्या अध्यायात तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर येशूने मासळी भाजली, तीही कोळशांवरच. मूळ ग्रीक शब्द एकच, आणि नव्या करारात तो याच दोन जागी येतो. तोच धूर पेत्राच्या नाकात गेला असेल ना? प्रभूने आधी त्याला जेवू घातलं. मग तीनदा प्रीतीविषयी विचारलं आणि तिन्ही वेळा आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवली.

शिकवायला उभी राहिले त्या पहिल्या रविवारी माझ्या हातातला खडू मोडला, इतके हात थरथरत होते. समोरच्या एका मुलाच्या वडिलांचे पैसे मी अजून फेडतेय. तेच त्याला दर रविवारी वर्गात आणून सोडतात.

या आठवड्यात पाळकसाहेबांना फोन करा, दादा. १३०वं स्तोत्र वाचायला मागून घ्या. आठच ओव्या आहेत.