शब्दचर्चा : ‘अधोलोक’ आणि ‘नरक’ एकच का?

मुद्रितशोधक

प्रेषितांच्या मतांगीकारात (ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या संक्षिप्त विधानात) येशूविषयी ‘तो अधोलोकात उतरला’ असं वाक्य येतं. इंग्रजीवरून केलेल्या एका पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीत ते ‘नरकात उतरला’ असं झालंय, कारण इंग्रजीत ‘हेल’ आहे. पुढे ‘पर्गेटरी’चं ‘छोटा नरक’ आणि ‘रेझरेक्शन’चं ‘पुनर्जन्म’ केलंय. ‘सोल’ला कुठे जीव, कुठे आत्मा. मेल्यानंतरचे हे शब्द एकदा नीट लावून हवे आहेत.

ग्रीकपाठी

‘अधोलोक’च ठेवा. ‘नरक’ तिथे चूक आहे, आणि ती चूक मराठीची नाही, इंग्रजीची आहे.

जुन्या करारात मेलेल्यांच्या ठिकाणाला हिब्रूत ‘शेओल’ म्हणतात. शब्द सुमारे ६५ वेळा येतो. तिथे चांगले-वाईट सगळेच जातात. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो, की मी शोक करत अधोलोकी माझ्या मुलाकडे जाईन (उत्पत्ती ३७:३५). आपला लाडका मुलगा नरकात गेला असं त्याला म्हणायचं नाही. स्तोत्र १३९ मध्येही ‘अधोलोकी अंथरूण केले तरी तेथे तू आहेस’ असं आहे. शेओलला ग्रीकमध्ये ‘हादेस’ हा प्रतिशब्द वापरला गेला, मराठीत ‘अधोलोक’.

‘गेहेन्ना’ वेगळा. नव्या करारात तो १२ वेळा येतो, त्यांतले ११ उल्लेख येशूच्या तोंडी आणि एक याकोबाच्या पत्रात (३:६). यरुशलेमच्या दक्षिणेच्या हिन्नोम खोऱ्यावरून हे नाव पडलं. तिथे तोफेत नावाच्या जागी मोलख या दैवतापुढे मुलं जाळत, म्हणून योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली (२ राजे २३:१०). शिक्षेचं, अग्नीचं ठिकाण ते हे. मराठी बायबलात ‘नरक’ इथे येतो आणि तो बरोबर आहे.

१६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतराने शेओलला ३१ ठिकाणी ‘हेल’, ३१ ठिकाणी ‘कबर’ आणि ३ ठिकाणी ‘खड्डा’ केलं. गेहेन्नालाही ‘हेल’च. दोन वेगळी ठिकाणं एका शब्दात कोंबली गेली. या बाबतीत आपलं मराठी बायबल इंग्रजीपेक्षा नेमकं आहे, आणि हे कौतुकाने सांगायला हवं.

शंका आली तर एकच वचन समोर ठेवा, प्रकटीकरण २०:१४. तिथे मरण आणि अधोलोक अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. अधोलोक म्हणजेच नरक धरलात तर नरक नरकात टाकला असं वाक्य होईल.

अनुवादिका

मतांगीकाराच्या लॅटिन पाठात ‘आद इन्फेरोस’ आहे, म्हणजे ‘खाली असलेल्यांकडे’. काही जुन्या पाठांत ‘आद इन्फेर्ना’, ‘खालच्या जागांकडे’. इंग्रजीच्या नव्या उपासनापाठात म्हणूनच ‘मेलेल्यांकडे उतरला’ असा बदल झाला आहे. कॅथलिक धर्मशिक्षण इथे स्पष्ट आहे : येशू तिथे गेला तो आधी मेलेल्या नीतिमानांना सोडवायला, दंड झालेल्यांना नव्हे. ‘नरकात उतरला’ लिहिलं की हा अर्थच उलटतो.

एक सावधगिरी. गेहेन्ना म्हणजे शहराचा सतत जळणारा उकिरडा होता, असं तळटिपांतून सर्रास छापलं जातं. त्याचा सर्वांत जुना ज्ञात आधार इ.स. १२०० च्या आसपासच्या दाविद किम्ही या ज्यू टीकाकाराचा आहे, म्हणजे येशूनंतर हजारावर वर्षांनी. तळटीप द्यायची तर बालबळींची द्या, ती बायबलातच आहे.

मुद्रितशोधक

पण साध्या वाचकाला ‘अधोलोक’ कळतो का? ‘नरक’ तरी कानावरचा आहे.

संस्कृतप्रेमी

कानावरचा आहे हीच अडचण. मराठी कानाला नरकाची मुदत ठाऊक असते. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरक सांगितले आहेत. पापाचं फळ भोगून झालं की जीव तिथून सुटतो आणि पुन्हा जन्म घेतो. स्वर्गाचंही तेच. गीतेत (९.२१) पुण्य सरलं की माणूस मर्त्यलोकात परत येतो. म्हणजे आपल्या भाषेत हे दोन्ही शब्द मुक्कामाचे आहेत.

ख्रिस्ती मताप्रमाणे दोन्ही कायमचे. इब्री ९:२७ मध्ये माणसाला एकदाच मरण आणि त्यानंतर न्याय नेमून ठेवल्याचं म्हटलं आहे. म्हणून अशा पुस्तिकेत ‘स्वर्ग’ आणि ‘नरक’ पहिल्यांदा येतील तिथे ‘सार्वकालिक’ हे विशेषण जोडा, नाहीतर वाचक शब्द ओळखीचा म्हणून पुढे जाईल आणि अर्थ मात्र पुराणातला घेऊन जाईल. ‘अधोलोक’ थोडा अनोळखी आहे. वाचक तिथे थांबतो, आणि ते आपल्या फायद्याचं आहे.

‘पुनर्जन्म’ ताबडतोब काढा. शब्द ‘पुनरुत्थान’. पुनर्जन्मात जीव तोच आणि देह नवा, दुसऱ्या आईच्या पोटचा. पुनरुत्थानात तीच व्यक्ती तिच्याच देहासह उठते, फक्त तो देह अविनाशी झालेला असतो (१ करिंथ १५). योहान ३ मधला ‘नव्याने जन्म’ हा तिसराच विषय, तो जिवंतपणीचा.

वसईची लेखणी

‘छोटा नरक’ तर मुळीच नको. मराठी कॅथलिक लेखनात ‘शुद्धिस्थान’ रूढ आहे, आणि कल्पनेचा गाभा त्या शब्दात नीट उतरतो.

क्रम असा : मरण, लगेच व्यक्तिगत न्याय, मग तीनपैकी एक अवस्था. पूर्ण शुद्ध असेल तर स्वर्ग. देवाशी सख्य ठेवून मेलेला पण अजून शुद्धी बाकी असलेला असेल तर शुद्धिस्थान. देवाला शेवटपर्यंत नाकारून मेलेला असेल तर नरक. जगाच्या शेवटी देहाचं पुनरुत्थान आणि अंतिम न्याय. शुद्धिस्थानातल्या प्रत्येकाचं स्वर्गात जाणं नक्की असतं, तिथून नरकात कोणी जात नाही. म्हणून त्याला नरकाचा धाकटा भाऊ म्हणणं चूक, आणि ‘दुसरी संधी’ म्हणणंही चूक. निर्णय मरणाच्या क्षणीच झालेला असतो.

पूर्ण शुद्ध आत्मा अंतिम न्यायापर्यंत थांबत नाही, लगेच देवदर्शन घेतो, हे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये ठरवून दिलं, कारण त्यांच्या आधीच्या पोपनी प्रवचनांत वेगळं मत मांडलं होतं. शुद्धिस्थानाचा सिद्धान्त ल्यों (१२७४), फ्लोरेन्स (१४३९) आणि ट्रेंट (१५६३) या चर्चच्या परिषदांत मांडला गेला. ट्रेंटच्या ठरावात आगीचा शब्दही नाही. चित्रांतल्या ज्वाळा पाहून भाषांतरात ‘अग्निकुंड’ घालू नका.

ग्रीकपाठी

पुस्तिका कोणत्या मंडळीची (चर्चची) आहे ते आधी पाहा. प्रोटेस्टंट असेल तर शुद्धिस्थान फक्त ‘कॅथलिक मत’ म्हणून येईल. वेस्टमिन्स्टर विश्वासघोषणेच्या (एका प्रोटेस्टंट मतविधानाच्या) ३२व्या प्रकरणात स्वर्ग आणि नरक या दोनच जागा मान्य केल्या आहेत. ऑर्थोडॉक्स मंडळ्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, पण ही व्याख्या स्वीकारत नाहीत. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मते मेलेला पुनरुत्थानापर्यंत निजलेला असतो, त्याला कसलीच जाणीव नसते. त्यांच्या मजकुरात ‘आत्मा स्वर्गात गेला’ हे वाक्य आलं तर ते भाषांतरकाराने स्वतःच्या मनाने घातलेलं असणार.

जीव आणि आत्मा : ढोबळ नियम असा, की ग्रीक ‘प्सुखे’ला जीव, ‘न्यूमा’ला आत्मा. १ थेस्सलनीका ५:२३ मध्ये ‘आत्मा, जीव व शरीर’ असे तिन्ही शेजारी आहेत. पण मत्तय १०:२८ मध्ये मूळ शब्द ‘प्सुखे’ असूनही मराठीत ‘आत्मा’ आहे, आणि तो योग्य आहे. तिथे शरीर मारलं तरी जे मरत नाही त्याविषयी बोलणं चाललंय. ‘जिवाला मारणे’ म्हटलं तर मराठीत ठार मारणं एवढंच ऐकू येतं. म्हणून यांत्रिकपणे शोधून बदलू नका, वचन काढून पाहा.

मुद्रितशोधक

शेवटची अडचण. परिशिष्टात दिवंगतांची नावं आहेत आणि सगळ्यांपुढे ‘कै.’ छापलंय.

वसईची लेखणी

‘कै.’ म्हणजे कैलासवासी, तो काढा. ‘ख्रिस्तवासी’ हा मराठीत रुळलेला शब्द आहे आणि अर्थानेही चोख आहे. पौल मरणाविषयी बोलताना जागेचं नाव घेत नाही, ‘ख्रिस्ताजवळ असणे’ म्हणतो (फिलिप्पै १:२३). जागा मोकळी असेल तर ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ही चालेल, १ थेस्सलनीका ४ मध्ये मेलेल्यांना निजलेले म्हटलं आहे, आणि इंग्रजी ‘सेमेटरी’चं मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही झोपण्याची जागा असाच आहे.

‘आत्म्यास चिरशांती लाभो’ कॅथलिक कुटुंबाला चालतं, ती मेलेल्यासाठीची प्रार्थनाच आहे. बऱ्याच प्रोटेस्टंट घरांत मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाहीत, तिथे ‘प्रभू कुटुंबीयांचे सांत्वन करो’ असं छापतात. नावांच्या यादीवर एक रकाना वाढवा, मंडळीचा. तो भरला की कोणत्या नावाखाली कुठली ओळ टाकायची ते विचारावं लागणार नाही.