मदत हवी आहे: लोबेराचे भारतातले करंडक ३ की ४?

प्रश्नपेटी: स्पॅनिश फुटबॉल प्रशिक्षक सेर्जिओ लोबेराने भारतात किती करंडक जिंकले? ३ की ४? प्रश्नमंजुषा संध्याकाळी छपाईला जातेय. फक्त आकडा हवाय, डावपेच नकोत.

डावाबॅक: नुसता आयएसएल (इंडियन सुपर लीग) कप, म्हणजे अंतिम सामन्याचा, की साखळीत पहिलं आल्याची लीग शील्ड आणि वेगळ्या स्पर्धेचा सुपर कपही? कुठल्या सालापर्यंत?

प्रश्नपेटी: सगळं धरा. घाईत आहे हो.

फातोर्डा_गेट: मग ४. एफसी गोवा संघासोबत २०१९ चा सुपर कप (भुवनेश्वरला चेन्नईयनवर २-१) आणि २०१९-२० ची शील्ड. मुंबई सिटीसोबत २०२०-२१ ची शील्ड आणि कप.

अंधेरी_स्टँड: चूक. ३१ जानेवारी २०२० ला गोव्याने त्याला काढलं, साखळीतले ३ सामने बाकी असताना. पुढे क्लिफर्ड मिरांडा हंगामी प्रशिक्षक. हैदराबाद ४-१, मुंबई ५-२, जमशेदपूर ५-०. शील्ड पक्की झाली ती तेव्हा. उत्तर ३.

फातोर्डा_गेट: ३९ पैकी ३० गुण लोबेराच्या १५ सामन्यांतले आहेत! कोरो, बूमूस, जाहू, फाल या खेळाडूंची सगळी बांधणी त्याची. शेवटच्या तीन सामन्यांवरून शील्ड दुसऱ्याच्या नावावर कशी टाकता?

अंधेरी_स्टँड: श्रेय वेगळं, नोंद वेगळी. शील्ड मिळाली तेव्हा प्रशिक्षक कोण, एवढंच बघायचं.

कातालान_मित्र: नाव ‘सेर्खिओ’ असं लिहा. स्पॅनिशमध्ये तिथे ‘ज’ नाही. जन्मगाव थारागोथा, झारागोझा नव्हे.

डावाबॅक: मंदार राव देसाईला विंगवरून लेफ्ट बॅकला त्यानेच आणलं, हेही विचारा. मधल्या फळीतला जाहू खाली उतरून दोन सेंटर बॅकच्या मध्ये यायचा, म्हणून दोन्ही कडेचे बॅक वर जाऊ शकायचे. जाहूवरच माणूस चिकटवला की गोलकीपरला लांब मारावं लागायचं आणि सगळी रचना मोडायची.

प्रश्नपेटी: डावपेच नको म्हटलं होतं. माझे ४ तुमच्यासारखे नाहीत. मी गोव्याची शील्ड धरलीच नव्हती, ओडिशाचा २०२३ चा सुपर कप धरला होता.

अंधेरी_स्टँड: हे आधी सांगायचं ना! तो कपही मिरांडाचाच, बंगळुरूवर २-१. लोबेरा ओडिशात त्यानंतर आला.

डावाबॅक: प्रश्नच बदला. ‘लोबेराच्या हाताखाली मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये कोणते दोन करंडक जिंकले?’ यावर कुणी हरकत घेणार नाही. जोडप्रश्न हवा तर: मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण, मग शील्ड मुंबईला का? आपसातले दोन्ही सामने मुंबईने जिंकले म्हणून. अंतिम सामनाही त्यांच्याशीच, फातोर्ड्याला, २-१. बिपिन सिंगचा गोल ९० व्या मिनिटाला.

प्रश्नपेटी: हा घेतला. नाव सेर्जिओच ठेवतोय, सेर्खिओ छापलं तर प्रूफवाला परत पाठवेल.

फातोर्डा_गेट: घ्या खुशाल. पण २०१९-२० ची शील्ड लोबेराचीच.