मुलाच्या दम्याचा खर्च झेपेना, रोजचा पंप बंद केला तर चालेल का?

मागावरची_सून, इचलकरंजी

नमस्कार मंडळी. मुलगा सहा वर्षांचा, यंदा पहिलीत. सर्दी झाली की छाती घुरघुरते आणि रात्री धाप लागते. आधी सगळे म्हणायचे बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल. आता डॉक्टरांनी रोजचा पंप दिलाय, ब्युडेसोनाइड १००, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामधलं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं) मास्क लावून. धाप लागली तर साल्ब्युटामॉलचा निळा पंप वेगळा. वर अ‍ॅलर्जीचं सिरप, खोकल्याचं सिरप, भुकेचं टॉनिक. मिस्टर मागावर आहेत, पगार आठवड्याचा, माग बंद तर पगारही बंद. गेल्या महिन्यात रात्री धाप वाढली, खासगीत दोन दिवस ठेवावं लागलं, आठ हजार गेले. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते. मिस्टर म्हणतात, पोरगं उड्या मारतंय, मग रोज औषध कशाला? मेडिकलचं बिल बघितलं की मलाही पटायला लागतं. काय कमी करू?

मिरजेचा_मेडिकलवाला

ताई, ते बिल काढून समोर ठेवा. वीसेक वर्षं काउंटरमागं उभा आहे, पैसे वाचवताना माणसं नेमकी नको ती ओळ खोडतात.

रोजच्या पंपात २०० फवारे असतात. तुमचे दिवसाला चार, म्हणजे एक डबा ५० दिवस. कंपनीप्रमाणे अडीचशे ते साडेतीनशे रुपये धरा. दिवसाला पडले पाच ते सात रुपये, मिस्टरांचा चहा तेवढ्यात येत नसेल. त्या दोन दिवसांत गेलेल्या आठ हजारांत हा पंप तीन वर्षं चालला असता. पोरगं उड्या मारतंय ते पंप चालू आहे म्हणून. श्वासनळीची सूज आतल्या आत धरून ठेवायचं काम तो करतो. निळा पंप सूज कमी करत नाही, आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो.

खोडायचंच तर बिल खालून वाचा. भुकेच्या टॉनिकचा दम्याशी संबंध नाही. खोकल्याच्या सिरपबद्दल डॉक्टरांना सरळ विचारा, "हे नाही घेतलं तर चालेल का?" बहुतेक वेळा चालतं. विचारल्याशिवाय ते आपणहून कमी करत नाहीत, कारण बाटली दिली नाही तर डॉक्टरनं काही दिलंच नाही असं वाटणारे पालकही आहेतच. अ‍ॅलर्जीचं सिरप मात्र मनानं बंद करू नका.

आता डब्याची गोष्ट, कारण इथं खूप पैसे वाया जातात. काही पंपांना आकडा दाखवणारी खिडकी असते, काहींना नसते. नसेल तर उघडल्या दिवशीच मार्करनं तारीख आणि संपायची तारीख डब्यावर लिहा. औषध संपलं तरी आतला वायू शिल्लक असतो, दाबलं की फुस्स होतं आणि आपल्याला वाटतं चालू आहे. पोराच्या छातीत काहीच जात नसतं. पाण्यात तरंगतो का बघणारेही भेटतात. त्यानं काही कळत नाही, उलट तोंड ओलं होऊन बसतं.

जनऔषधी केंद्रात कंपनीचं नाव घेऊ नका, "ब्युडेसोनाइड १०० मायक्रोग्रॅमचा इनहेलर" असं विचारा. दरवेळी शिल्लक असेलच असं नाही, आधी फोन करा. (माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक मीच दुसरीकडं पाठवतोय, बायकोला सांगू नका.)

वाडीवरची_आशा

तुमच्याकडचं आयजीएम हॉस्पिटल सरकारी आहे. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत, तिथल्या बालरोग ओपीडीत एकदा दाखवा. कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल मेडिकल कॉलेजचं, तो विभाग वेगळा, तिथं हे गृहीत धरू नका. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण ती दाखल झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांसाठी. रोजचा पंप त्यात बसत नाही. योजनेतलं जवळचं हॉस्पिटल आजच शोधून ठेवा, तिथं योजनेच्या कामात मदत करणारा आरोग्यमित्र बसतो. रात्री धाप लागल्यावर कोण शोधत बसणार? आणि शाळेत आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या बालआरोग्य कार्यक्रमाची, टीम तपासणीला येते, त्यांच्या यादीत दमाही आहे. बाईंना सांगून ठेवा, तुमच्या मुलाला पुढं करतील.

हिरवं_पान

हैदराबादला मृग नक्षत्रात मासा गिळायला देतात, तोही फुकट. आमच्या साडूंना गुण आला.

मिरजेचा_मेडिकलवाला

मासा फुकट, रेल्वे फुकट नाही. चार जणांच्या जाण्यायेण्यात वर्षभराचे पंप येतात. आणि धाप लागलेल्या पोराला जिवंत मासा गिळायला लावणं मला तरी बघवणार नाही.

बालरोग_कोल्हापूर

तपासल्याशिवाय डोसवर बोलणार नाही, पण तीन गोष्टी. पंपाची सवय लागत नाही. डोस मायक्रोग्रॅममध्ये आहे आणि थेट छातीत जातो, फक्त नंतर चूळ भरायला लावा. वर्षानुवर्षं घेतल्यास उंचीवर साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, वारंवारच्या अटॅकपुढं मी तो स्वीकारीन. तीन महिने लक्षणं नसतील तर डोस कमी करायचं डॉक्टरांशी बोला. कमी करतानाही मुलाला बघावं लागतं, म्हणून एकदम बंद नको.

दुसरं, सहा वर्षांच्या मुलाला बहुधा मास्क लागत नाही. स्पेसरची नळी थेट ओठांत धरता आली तर औषध जास्त पोचतं. स्पेसर फुटला आणि हातात पैसे नसले तर घाबरू नका. केपटाऊनमध्ये हीदर झार यांच्या चमूनं ५०० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून, पंप घट्ट बसवून मुलांवर वापरून पाहिलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नीट सील केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली. चहाचा थर्मोकोलचा कप मात्र कुचकामी ठरला.

तिसरं, तुमच्या घरात माग आहे की मिस्टर कारखान्यात जातात? कपड्यांवरची रुई घरात येत असेल तर आल्या आल्या कपडे बदलायला सांगा. मच्छर अगरबत्ती लावत असाल तर बंद करा, मच्छरदाणी लावा.

मागावरची_सून

कारखान्यातच जातात, घरी माग नाही. बिल काढलं. टॉनिक आणि खोकल्याचं मिळून पंपापेक्षा जास्त होतंय, मिस्टरांना दाखवलं तर गप्प बसले. सोमवारी आयजीएमला जाते. फक्त एक सांगा, स्पेसर धुतल्यावर फडक्यानं पुसू का?

मिरजेचा_मेडिकलवाला

पुसू नका. साबणाच्या पाण्यातून काढा आणि तसाच वाळू द्या. घासून पुसला की प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं.