न्यूकॅसल नाइट्सचा महिला संघ: सहा महिन्यांत तळातून शिखरावर, पण क्लब घडला केव्हा?

नदीकाठ (प्रश्न)

ऑस्ट्रेलियातील महिला रग्बी लीगची (तेरा-तेरा जणींच्या संघांत खेळल्या जाणाऱ्या रग्बीची) राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे एनआरएलडब्ल्यू, मी गेले काही हंगाम नेमाने पाहते आहे आणि एका संघाविषयीचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. सिडनीच्या उत्तरेकडील न्यूकॅसल शहराच्या न्यूकॅसल नाइट्स या क्लबच्या महिला संघाने 2021 च्या हंगामात पदार्पण केले. करोनामुळे तो हंगाम लांबला आणि प्रत्यक्षात 2022 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात खेळला गेला. त्यात न्यूकॅसलने पाचही सामने गमावले आणि तो गुणतक्त्यात तळाशी राहिला. त्याच वर्षी पुढचा हंगामही झाला, आणि 2 ऑक्टोबर 2022 रोजी सिडनीत याच क्लबने पॅरामॅटा ईल्सला 32–12 असे हरवून विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी गोल्ड कोस्ट टायटन्सविरुद्ध 24–18 असा अंतिम सामना जिंकून त्यांनी ते राखलेही.

वाचायला ही गोष्ट सुंदर आहे. मात्र मधल्या सहा महिन्यांत संघ जवळजवळ बदलून गेला होता. फुलबॅक (सर्वांत मागे खेळणारी) टमिका अप्टन आणि प्रॉप (आघाडीच्या फळीतील) मिली बॉइल या दोघी ब्रिस्बेन ब्रॉन्कोजकडून आल्या. त्यांपैकी बॉइल एकच हंगाम खेळून सिडनी रूस्टर्सकडे गेली, तर अप्टन 2025 मध्ये ब्रिस्बेनला परतली आणि त्याच वर्षी ब्रिस्बेनने विजेतेपद मिळवले. मग न्यूकॅसलमध्ये जे घडले त्याला क्लबचा विकास म्हणावे, की चांगल्या खेळाडू योग्य वेळी मिळाल्या एवढेच म्हणावे? एखादा व्यावसायिक महिला क्लब खऱ्या अर्थाने उभा राहिला हे कशावरून ओळखायचे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

तेराजणी

आपला प्रश्न योग्य आहे, परंतु त्याचे उत्तर देण्याआधी त्या काळी स्पर्धेचे स्वरूप कसे होते ते पाहावे लागेल, कारण "तळातून शिखरावर" या शब्दांचे वजन त्यावर ठरते. ही स्पर्धा 2018 मध्ये ब्रिस्बेन, सिडनी रूस्टर्स, सेंट जॉर्ज इलावारा आणि न्यूझीलंड वॉरियर्स अशा चारच संघांनी सुरू झाली आणि पहिली तिन्ही विजेतेपदे ब्रिस्बेनने घेतली. पुढे प्रवासबंदीच्या काळात वॉरियर्सनी माघार घेतली, न्यूकॅसल, पॅरामॅटा आणि गोल्ड कोस्ट हे तीन क्लब नव्याने आले, आणि संघांची संख्या सहा झाली. सहा संघ, प्रत्येकाचे पाच साखळी सामने आणि त्यानंतर थेट उपांत्य फेरी अशी ती रचना होती. इतक्या छोट्या हंगामात गुणतक्ता फार काही सांगत नाही. ज्या पॅरामॅटाला न्यूकॅसलने अंतिम सामन्यात हरवले, तो संघ पाचपैकी अवघा एक सामना जिंकून उपांत्य फेरीत पोहोचला होता आणि तेथे त्याने अव्वल ठरलेल्या रूस्टर्सना घरी पाठवले होते, एवढे आठवले तरी पुरे. म्हणून पहिल्या हंगामातील पाच पराभवांवरून न्यूकॅसल अगदी दुबळे होते असे मी म्हणणार नाही, आणि ऑक्टोबरमधील विजयावरून क्लब घडला असेही म्हणणार नाही.

माझ्या लेखी खरी कसोटी 2023 ची होती. त्या वर्षी कॅनबरा, क्रोनुला, नॉर्थ क्वीन्सलँड आणि वेस्ट्स टायगर्स हे चार क्लब एकदम आल्यामुळे दहा संघ झाले आणि साखळी सामने नऊ झाले. प्रत्येक नव्या क्लबला चोवीस खेळाडू हव्या होत्या आणि त्या मुख्यतः जुन्या क्लबांतूनच जाणार होत्या. बॉइलसारखी आघाडीची खेळाडू गमावूनही न्यूकॅसल साखळीत पहिले आले, घरच्या मैदानावरील उपांत्य सामन्याला बारा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले, आणि विजेतेपद राखले गेले. दुसरे विजेतेपद पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड होते, आणि त्याबद्दल फारसे लिहिले गेले नाही याचे मला वाईट वाटते.

आता खरेदीविषयी. अप्टन आणि बॉइल बाहेरून आल्या हे खरे आहे, पण त्याच काळात आलेल्या सगळ्याच जणी परक्या नव्हत्या. हॅना साउथवेल रूस्टर्सकडून खेळत होती, ती आपल्या गावी परतली. तिची धाकटी बहीण जेसी सतरा वर्षांची असताना थेट हाफबॅकच्या जागी उभी राहिली, आणि संघाचा सगळा खेळ त्या जागेवरून हलतो हे लक्षात घेतले म्हणजे प्रशिक्षक रोनाल्ड ग्रिफिथ्स यांच्या त्या निर्णयाचे धाडस कळते. यास्मिन क्लाइड्सडेल ही न्यूकॅसलच्या आसपासच्या हंटर खोऱ्यातील स्कोन गावची शिक्षिका. तीसुद्धा सिडनीतील क्लबकडून खेळत होती, कारण घराजवळ खेळायला व्यावसायिक संघच नव्हता. न्यूकॅसलचा महिला संघ उभा राहिला आणि या खेळाडूंना परतायला जागा मिळाली. त्यांना विकत घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत घालणे मला अन्यायाचे वाटते.

हिशेबवही

तेराजणी यांच्याशी मी सहमत आहे, पण पैशाची बाजू राहून गेली आहे आणि ती आकड्यांशिवाय समजणार नाही.

2022 च्या हंगामात एका क्लबची संपूर्ण वेतनमर्यादा साडेतीन लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होती आणि करार एका हंगामापुरतेच होत. म्हणजे हंगाम संपला की कागदोपत्री क्लबकडे संघच उरत नसे, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांशी पुन्हा बोलणी करावी लागत. अशा व्यवस्थेत कोणती खेळाडू कोठे गेली यावरून क्लबच्या निष्ठेचा किंवा दूरदृष्टीचा निवाडा करणे बरोबर नाही. 2023 मध्ये खेळाडूंची संघटना आणि नियामक मंडळ यांच्यात महिलांसाठीचा पहिला सामूहिक वेतनकरार झाला, बहुवर्षीय करारांना परवानगी मिळाली, वेतनमर्यादा 8 लाख 84 हजारांवर गेली आणि किमान वेतन 30 हजार ठरले. 2027 पर्यंत हे आकडे अनुक्रमे 15 लाख 18 हजार आणि 50 हजार 600 इतके वाढायचे आहेत.

आता साधा हिशेब करू. चोवीस जणींना किमान 30 हजार द्यायचे तर 7 लाख 20 हजार तेथेच संपतात. उरतात 1 लाख 64 हजार, आणि एवढ्यातच कर्णधार, हाफबॅक, फुलबॅक आणि देशासाठी खेळणाऱ्या इतर खेळाडूंना किमान वेतनापेक्षा अधिक काही द्यायचे. यातून बाहेरून खेळाडू विकत आणून संघ बांधता येणार नाही. 2027 चे आकडे घेतले तरी किमान वेतनावर 12 लाख 14 हजार 400 खर्च होऊन 3 लाख 3 हजार 600 शिल्लक राहतात. रक्कम वाढते हे खरे, पण वाटणीचा आकार फारसा बदलत नाही. म्हणून ज्या क्लबला किमान वेतनावर खेळणाऱ्या बारा-पंधरा जणी आपल्याच भागातून चांगल्या दर्जाच्या मिळतात तो क्लब टिकतो, आणि उरलेल्या पैशात एखादी अप्टन सामावू शकतो. नदीकाठ यांनी विचारलेली ओळखीची खूण मला येथे दिसते.

इंग्लंडमध्ये तर याहून लहान प्रमाणावर हीच गोष्ट घडली. यॉर्क व्हॅल्करी आणि लीड्स ऱ्हायनोज यांनी 2023 मध्ये खेळाडूंना सामन्यांचे मानधन द्यायला सुरुवात केली, आणि तेथील महिला सुपर लीगची 2023 व 2024 ही दोन्ही विजेतेपदे यॉर्कने मिळवली.

शिट्टी

एक लहानशी भर घालतो. सुरुवातीच्या हंगामांत महिलांचा सामना साठ मिनिटांचा असे, पुढे तो पस्तीस मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे सत्तर मिनिटांचा झाला. पाहणाऱ्याला दहा मिनिटे किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात प्रॉपच्या जागेवरील खेळाडू त्या शेवटच्या दहा मिनिटांत दमलेल्या अंगाने टॅकल करत, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूला अंगाने अडवून पाडत असते, आणि राखीव चौघींची निवड कशी केली आहे हे तेव्हाच उघडे पडते. क्लबने वर्षभर तंदुरुस्तीवर किती काम केले ते पाहायचे असेल तर साठाव्या मिनिटानंतरचा खेळ पाहावा.

पहाटपाळी

मी हंटर भागात राहते आणि एका स्थानिक क्लबात मुलींच्या कनिष्ठ गटाला शिकवण्यास मदत करते, म्हणून थोडे खालच्या पायरीवरून लिहिते.

पूर्वी येथे मुली बारा वर्षांपर्यंत मुलांबरोबर एकाच संघात खेळत आणि त्यानंतर त्यांच्यापुढे टॅकल असलेला खेळच उरत नसे. बऱ्याच जणी लीग टॅगकडे वळत, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढून अडवण्याच्या खेळाकडे. त्यात धावणे आणि पास देणे सुटत नाही, पण अंगावर येणाऱ्या खेळाडूला खांद्याने कसे रोखावे, पडताना डोके कोठे ठेवावे, हे शिकायचे राहून जाते. कित्येक जणी सोळाव्या-सतराव्या वर्षी पुन्हा टॅकलकडे येत तेव्हा वेग असे, हातात कौशल्य असे, मात्र अडवण्याचे तंत्र बारा वर्षांच्या मुलीचे असे. पहिल्या पिढीतील अनेक खेळाडू टच (नुसत्या स्पर्शाने अडवण्याची रग्बी), सेव्हन्स (सात-सात जणींची रग्बी) किंवा फुटबॉलमधून आल्या, त्यामागेही हेच कारण आहे. हॅना साउथवेलसुद्धा फुटबॉल आणि सेव्हन्स खेळून या खेळात आली.

आज सतरा वर्षांखालील मुलींसाठी लिसा फिआओला चषक आणि एकोणीस वर्षांखालील मुलींसाठी टार्शा गेल चषक आहे, आणि दोन्हींत न्यूकॅसलचे संघ उतरतात. तेरा ते एकोणीस या वयातील ही पोकळी बुजवणे हेच माझ्या दृष्टीने क्लबचे सर्वांत मोठे काम आहे, आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात येत नाहीत. ज्या मुलीने सहा वर्षे सलग टॅकल केले आहे तिला वरच्या संघात घेताना प्रशिक्षकाला मूलभूत गोष्टी शिकवण्यात वेळ घालवावा लागत नाही.

दुखापतींचाही येथे संबंध आहे. दिशा झटकन बदलण्याच्या खेळांत स्त्रियांच्या गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाला पुरुषांपेक्षा अधिक धोका असतो, आणि तो तुटला तर खेळाडू साधारण वर्षभर बाहेर राहते. उडी मारून उतरणे, थांबणे, वळणे यांचा योग्य व्यायाम लहान वयापासून केला तर हा धोका बराच कमी करता येतो. त्यासाठी जिम, फिजिओ आणि वेळ लागतो. दिवसभर वर्गात उभी राहून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या शिक्षिकेकडे पहिल्या दोन गोष्टी क्लबमुळे येतात, तिसरी वेतनामुळे येते. हिशेबवही यांनी मांडलेल्या आकड्यांचा मला दिसणारा अर्थ हा आहे. त्याच करारात बाळंतपणाची सवेतन रजा आणि वैद्यकीय खर्चाची तरतूद आली, ती आमच्या मैदानावर आयांनी अधिक बारकाईने वाचली, कारण मुलगी या खेळात पुढे गेली तर तिचे काय होईल हा प्रश्न त्यांचा असतो.

आणखी एक प्रसंग सांगते. जून 2024 मध्ये स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे आमचे न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांमधील, महिलांच्या मालिकेतील दुसरा सामना न्यूकॅसलमध्ये झाला. पंचवीस हजारांहून अधिक लोक आले होते, आणि क्वीन्सलँडने शेवटच्या मिनिटांत 11–10 अशी बाजी मारल्यामुळे आम्ही सगळ्या निःशब्द होऊन घरी गेलो. पुढच्या सरावाला मुलींना ड्रॉप गोल, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच लाथेने मारलेला गोल, मारायला शिकायचे होते. ज्या किकने आपल्या राज्याला हरवले तीच किक त्यांना हवी होती.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक मत मी मागे घेते: एका हंगामाच्या करारांच्या काळात झालेल्या ये-जा वरून क्लबला जोखणे माझी चूक होती, हे हिशेबवही यांच्या आकड्यांनी पटले.

तरीही एका बाबतीत मी तेराजणी यांच्याइतकी निश्चिंत नाही. घरी परतलेल्या खेळाडूंना वेगळे मोजायला हवे हे मान्य, परंतु त्या घडल्या त्या सिडनीतील क्लबांत आणि इतर खेळांत. न्यूकॅसलने त्यांना घर दिले, घडवले नाही. पहाटपाळी सांगतात ती तेरा ते एकोणीस वयाची वाट पूर्ण चालून आलेल्या मुली वरच्या संघात स्थिरावतील तेव्हाच ती उणीव भरून निघेल. शिवाय आता 2025 पासून वॉरियर्स परतले आहेत, बुलडॉग्ज नव्याने आले आहेत, संघ बारा झाले आहेत. ज्या ग्रिफिथ्स यांनी न्यूकॅसलला दोन विजेतेपदे मिळवून दिली तेच वॉरियर्सचे प्रशिक्षक झाले. म्हणजे आता खेळाडूंबरोबर अनुभवही इतर क्लबांत वाटला जातो आहे.

पुढच्या हंगामापासून संघ जाहीर झाला की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दिलेला तिचा कनिष्ठ क्लब मी वहीत टिपून ठेवणार आहे. पहाटपाळी, हंटरमधील कोणते कनिष्ठ क्लब मुलींचे टॅकलचे संघ सलग सर्व वयोगटांत चालवतात, याची यादी आपण येथे दिली तर मला तो हिशेब नीट ठेवता येईल.

पहाटपाळी

यादी करते. दोन-तीन क्लबांत पंधरा वर्षांखालील गटात अजून खंड पडतो, मुली कमी पडल्या की शेजारच्या क्लबाबरोबर एकत्र संघ उतरवतात. तेही यादीत वेगळे दाखवते.